दुतोंड्या मारुतीत

पाचवी ब. घटक चाचणी, गुण वीस.
प्रश्न तिसरा : नदीच्या पाण्याची पातळी कशात मोजतात?
आदिल अत्तारनं लिहिलं,
दुतोंड्या मारुतीत.

मी लाल पेनानं फुली मारली.
उत्तरसूचीत ‘मीटर’ होतं,
चहा निवत होता, अजून एकतीस पेपर होते.
आणि मी जन्मानं पंचवटीची.

रात्री भांडी विसळताना हसू आलं,
मग ते घशातच थांबलं.
गोदेला पाणी चढलं की वडील पुलावरून येत,
चपला न काढता दारातून सांगत :
गुडघ्याला लागलंय. कमरेला लागलंय.
तेवढ्यावर आई ठरवायची
खालच्या फळीवरची बाजरी वर न्यायची की नाही.
आमच्या घरात कुणी मीटर विचारल्याचं
मला आठवत नाही.

टाचणवहीत मीच लिहिलं होतं, उद्दिष्ट :
मोजायला एक न हलणारी खूण लागते, हे मुलांना उमगेल.
आदिलला उमगलं होतं.
मी विचारलं होतं भलतंच.

दुसऱ्या दिवशी पेपरांचा गठ्ठा कपाटात.
दोरी आणली, खडू आणले, खिचडीवाल्या ताईंचा डाव आणला.
म्हटलं, व्हरांड्यातली टाकी मोजा.
कशानंही मोजा, फक्त उद्या दुसऱ्यानं मोजली
तरी उत्तर तेच यायला हवं.

केशर बेंडकुळे.
आईसोबत द्राक्षबागेत विरळणीला जाते,
वही दिवाळीपासून कोरी.
तिनं टाकीत काठी उभी सोडली, वर काढली,
ओल संपते तिथं दातानं खूण केली,
म्हणाली, घ्या, आता कुणीबी मोजा.

मला वाटलं, सापडलं!
उद्यापासून लेखी बंद, सगळं हातानं.
तेवढ्यात अन्वय कोठुळे रडायला लागला.
वीसपैकी वीस घेणारा अन्वय,
डावातलं पाणी बुटांवर, आणि सगळा वर्ग बघतोय.
त्याला कोपऱ्यात कागद दिला.
त्यानं टाकी काढली, शेजारी कृती लिहिली, सात ओळी.
पाचवी ओळ चुकली होती.
सहावीत त्यानंच ती पकडली होती.
त्याच्या वीस गुणांमागे हे असतं,
ते मला इतके दिवस दिसलं नव्हतं.

समर आहेर ‘म’ला अडतो.
मीटरला अडतो, मारुतीला अडतो.
त्याला म्हटलं, बोलू नको, दाखव.
त्यानं हात स्वतःच्या कमरेवर ठेवला.
आणि पुढच्या वर्षी तू उंच झालास तर?
तो थोडा वेळ तसाच उभा.
मग कमरेवरचा हात उचलून
त्यानं तो खांबावर ठेवला.

यावरून कुणी समजू नये की बाई बदलल्या.
पाढे मी अजून घडाघडा म्हणूनच घेते.
सतराचा पाढा यावाच लागतो,
त्याला काठी न् टाकी काय कामाची.
शुद्धलेखन लिहूनच तपासते, आणि वाचन
एकेकाला खिडकीशी बोलावून, हळू आवाजात,
बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं.

नोंदवहीत मात्र रकाना एकच, अर्ध्या बोटाचा.
केंद्रप्रमुख विचारतात, आकडा कुठाय?
समरचा हात, केशरचे दात
मी त्या अर्ध्या बोटात कसे बसवू?
देते आकडा. दर वेळी थोडी खोटी पडून देते.

आदिलच्या पेपरावरची फुली खोडता येईना.
तिच्याशेजारी लिहिलं : कुठपर्यंत?
सोमवारी पेपर परत आला, खाली पेन्सिलीनं, तिरक्या अक्षरात :
यंदा छातीपर्यंत.
बाई, तुम्ही बघायला आला नव्हता का?